कांचेच्या पेटींतला समुद्र

समुद्राला आपल्या पूर्वजांनीं रत्नाकर हें नांव दिलें आणि त्याच्या पोटांतील रत्नांत मोत्याबरोबर पोंवळ्याचीही गणना केली. पोंवळें आंगठींत बसवून मंगळाची पीडा शमविण्याची आशा कितीकांनीं बाळगली असेल. परंतु तें पोंवळें म्हणजे एका जिवंत प्राण्याच्या वसाहतीचा सांगाडा आहे, आणि तो प्राणी जिवंतपणीं कसा दिसतो, काय खातो, कशानें मरतो, हें पाहण्याची उत्कंठा फारशी कोणास झाली नाहीं. हा दोष केवळ आपलाच नव्हे. मनुष्यजात हजारों वर्षें समुद्रावरून फिरली, समुद्रांतील मासे खाऊन जगली. पण पाण्याखालीं काय चाललें आहे हें घरांत बसून पाहण्याची युक्ति तिला उण्यापुऱ्या दोनशें वर्षांमागें सांपडली. कांचेच्या पेटींत खारें पाणी भरून त्यांत मासे, समुद्रफुलें, शंख आणि अखेर जिवंत प्रवाळ वाढविण्याची ही विद्या कशी उदयास आली, याचा वृत्तान्त आम्ही येथें देणार आहों. हौसेचा इतिहास तो काय लिहावयाचा, असें कोणी म्हणेल. पण ह्या हौसेच्या पोटीं दोन मोठे प्रश्न आहेत. जीव कशावर जगतो, हा पहिला. आणि ज्यावर आपण प्रेम करतों तें आपल्या हातीं सुरक्षित राहतें काय, हा दुसरा.

गोड्या पाण्यांतील मासे घरीं बाळगण्याची चाल जुनी आहे. चीन देशांत सोनेरी मासे शेंकडों वर्षें भांड्यांतून वाढविले जात होते. पण समुद्रांतील प्राणी आणून घागरींत ठेवला कीं दोन-चार दिवसांत पाण्यास दुर्गंधि येई आणि प्राणी मरून जाई. याचें कारण असें कीं, डबक्यांतला मासा पावसाळ्यांतलें गढूळ आणि उन्हाळ्यांतलें आटणारें, कोंबट पाणी सोसून कणखर झालेला असतो. समुद्राची गोष्ट वेगळी. त्याच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि खोल, मोकळ्या समुद्रांत हें प्रमाण फारसें हलत नाहीं. घागरींतलें पाणी मात्र वाफ होऊन दिवसेंदिवस अधिक खारट होतें. प्राण्यांच्या श्वासानें त्यांतला प्राणवायु संपतो. आणि त्यांच्या शरीरांतून बाहेर पडणारा अमोनिया सांचून तेंच पाणी विष बनतें. विशाल समुद्रांत जी गोष्ट कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं, ती घागरींत प्राणघातक ठरते.

ह्या कार्यांत प्रथम यश मिळविणाऱ्यांत एका स्त्रीचें नांव येतें, ही गोष्ट आमच्या वाचक भगिनींस विशेष आनंद देईल. झान विल्प्रू-पॉवर ही फ्रान्समधील एका खेड्यांत १७९४ सालीं जन्मलेली मुलगी. पॅरिसमध्यें ती शिवणकाम करून पोट भरी, आणि १८१६ सालीं एका राजकन्येचा विवाहवेष तयार केल्यामुळें तिचा बोलबाला झाला. पुढें एका इंग्रज व्यापाऱ्याशीं लग्न करून ती सिसिली बेटांत मेसिना येथें राहिली, आणि तेथील समुद्रानें तिला वेड लावलें. अर्गोनॉट नांवाचा एक आठ हातांचा मृदुकाय प्राणी कागदासारख्या पातळ शिंपल्यांत राहतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा, कीं शंखांत शिरणाऱ्या खेकड्याप्रमाणें दुसऱ्याचा बळकावलेला, यावर पंडितांचा वाद चालूं होता. बाईंनीं १८३२ च्या सुमारास कांचेचे हौद करविले, प्राणी जिवंत ठेवले, शिंपल्यास मुद्दाम भोंक पाडलें, आणि प्राणी आपल्याच अंगच्या द्रव्यानें तें बुजवितो हें डोळ्यांनीं पाहिलें. ग्रंथांनीं न सुटलेला वाद कांचेच्या भांड्यानें सोडविला.

याच काळांत स्कॉटलंडमध्यें सर जॉन डॅलिएल यांनीं १८२८ सालीं समुद्रकांठीं एक समुद्रफूल सांपडलें तें घरीं आणून एका कांचपात्रांत ठेविलें. त्याचें पाणी रोज बदलावें आणि समुद्राचें ताजें पाणी वाहून आणवावें, हा त्यांचा नेम. डॅलिएल १८५१ सालीं वारले. पण तें समुद्रफूल एका हातांतून दुसऱ्या हातीं जात १८८७ पर्यंत जगलें. लोक त्याला ‘आजीबाई’ म्हणत. ज्याला आपण क्षणभंगुर फूल समजतों त्यानें आपल्या पहिल्या धन्यास छत्तीस वर्षें मागें टाकलें.

पण रोज ताजें पाणी आणणें हें कांठावर राहणाऱ्यास किंवा पैसेवाल्यासच शक्य. ॲना थिन ह्या लंडनमधील एका उच्चपदस्थ धर्माधिकाऱ्याच्या पत्नीनें १८४६ सालीं टॉर्की येथून कांहीं एकलकोंडीं प्रवाळें आणलीं. प्रवासांत तीं एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून तिनें सुई-दोऱ्यानें त्यांना स्पंजावर टांचलें! लंडनमध्यें समुद्राचें पाणी दुर्मिळ; म्हणून असलेलेंच पाणी उघड्या खिडकीशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतण्याचा उपाय तिनें काढला, म्हणजे त्यांत हवा मिसळे. हें काम रोज अर्धा-पाऊण तास घरची मोलकरीण करी. पुढें पाण्यांत समुद्रशेवाळ सोडल्यावर तिचे श्रम हलके झाले, आणि तीं प्रवाळें जवळजवळ तीन वर्षें जगलीं. विज्ञानाच्या इतिहासांत बाईंचें नांव आलें. जिच्या दंडाच्या बळावर तीं प्रवाळें श्वास घेत होतीं तिचें नांव मात्र प्रसिद्धीस आलें नाहीं. मोठ्यांच्या शोधाखालीं लहानांचे कष्ट असे कितीतरी ठिकाणीं दडलेले असतात!

शेवाळानें काय केलें, हें आतां पाहूं. वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडतात हें प्रीस्टली व इंगेनहाउझ यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविलें होतें. लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांनीं १८२९ सालीं एका बंद बाटलींत पतंगाचा कोश ठेवला असतां तळच्या मातींतून नेचा आपोआप उगवला, आणि त्यावरून बंद कांचपेटींत झाडें वाढविण्याची पद्धति निघाली. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं पुढें चहाचीं हजारों रोपें चीनमधून हिमालयाच्या उतारावर आणलीं. मग रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८४९ सालीं सोनेरी मासे आणि पाणवनस्पति एकत्र ठेवून पाहिलें. मासे जगले, परंतु पानें कुजून पाणी बिघडूं लागलें. तेव्हां त्यांनीं त्यांत पाणगोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनीं सडकीं पानें खाल्लीं, त्यांचीं अंडीं माशांनीं खाल्लीं, आणि पाणी निवळलें. प्राणी, वनस्पति आणि सडकें खाणारा असा तिसरा भिडू, या तिघांच्या मेळानें संसार चालतो, हा सिद्धान्त त्यांनीं १८५० सालीं रसायनमंडळापुढें मांडला. ज्याला कोणी ढुंकून पाहत नव्हतें त्या गोगलगाईवांचून घर चालेना!

हा सिद्धान्त घरोघरीं पोंचविण्याचें श्रेय फिलिप हेन्री गॉस यांस आहे. ते निष्ठावंत ख्रिस्ती, कुशल चित्रकार आणि निरीक्षणांत अत्यंत चोख. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें तें बव्हंशीं त्यांच्या परिश्रमानें. आणि १८५४ सालच्या त्यांच्या पुस्तकानें ‘अक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. मूळ लॅटिनमध्यें त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा, असा होता! गॉस यांनीं समुद्रकांठापासून दूर राहणाऱ्यांसाठीं कृत्रिम समुद्रजलही तयार केलें: साधें मीठ, विलायती मीठ म्हणजे सल्फेट ऑफ मॅग्नेशिया, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्लोराइड, असे चार क्षार. ह्या चारांत चुना नव्हता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढें चुन्याशींच आपली गांठ पडावयाची आहे.

मग जी लाट उसळली तिला तोड नाहीं. इंग्लंडांतील कांचेवरचा कर १८४५ सालीं उठला होता, त्यामुळें कांच स्वस्त झाली होती. आगगाड्यांनीं समुद्रकांठ मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आणला होता. दिवाणखान्यांत कांचेचा हौद असणें हें सुसंस्कृत घराचें लक्षण ठरलें. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनीं तर लंडनांत समुद्रप्राण्यांचें आणि हौदांचें दुकानच थाटलें. उन्हाळ्याच्या सुटींत बायका-मुलें हातोडी, छिनी आणि बरण्या घेऊन डेव्हनच्या खडकांवर लोटूं लागलीं. ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या डबक्यांतील समुद्रफुलें खडकासकट फोडून बरणींत भरलीं जात, आणि त्यांतलीं बहुतेक घरीं पोंचण्यापूर्वीं किंवा पोंचल्यावर आठवड्याभरांत मरत. मेल्यावर काय? पुनः समुद्रकांठ होताच!

ह्याचा परिणाम काय झाला, याची साक्ष गॉस यांच्या पुत्रानें दिली आहे. एडमंड गॉस यांच्या ‘फादर अँड सन’ ह्या १९०७ सालच्या आत्मवृत्तांत लहानपणीं बापाबरोबर पाहिलेल्या त्या डबक्यांची आठवण आहे, आणि तीं डबकीं पुढें उजाड झालीं याबद्दल मनस्वी हळहळ आहे. सर्वांत करुण गोष्ट अशी कीं, हा विध्वंस ज्या पुस्तकांनीं ओढवला तीं पुस्तकें त्या समुद्रकांठावर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसानेंच लिहिलीं होतीं. ईश्वराच्या सृष्टीचें कौतुक लोकांनीं करावें म्हणून त्यानें त्यांना वाट दाखविली. लोक त्या वाटेनें आले ते हातोडी घेऊन. सौंदर्याची वार्ता सांगणाराच पुष्कळदां त्या सौंदर्याच्या नाशाला निमित्त होतो. हा केवळ इंग्लंडचाच अनुभव आहे काय? आमच्या गिरिस्थानांची आणि तीर्थांची स्थिति पाहिली म्हणजे उत्तर आपोआप मिळतें.

१८६० नंतर ही लाट ओसरली. हौद हिरवे पडले, प्राणी मेले, आणि कांचपेट्या माळ्यावर गेल्या. सिद्धान्त खरा असून घरें कां बुडालीं? मेळांत एक चौथा भिडू होता आणि तो कोणास दिसत नव्हता. लॉइड यांना अनुभवानें त्याचा सुगावा लागला होता: १८७१ सालीं क्रिस्टल पॅलेस येथें मोठें मत्स्यालय उभारतांना त्यांनीं दर्शनी हौदांहून कितीतरी मोठा अंधारा टांका जमिनीखालीं बांधला, आणि तेंच पाणी वर्षानुवर्षें खेळतें ठेविलें. पाणी जुनें झालें म्हणजे बिघडतें हा समज होता. लॉइड यांच्या टांक्यांतलें पाणी उलट मुरत गेलें. याचा उलगडा १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनीं केला. अमोनियाचें नायट्राइट आणि नायट्राइटचें नायट्रेट करणारे सूक्ष्मजंतु त्यांनीं वेगळे करून दाखविले. हेच जंतु वाळूच्या कणाकणावर आणि दगडाच्या पृष्ठभागावर वस्ती करतात व विषाचें निर्विष करतात. त्यांची वस्ती जमावयास कित्येक आठवडे लागतात. तोंवर हौदांत जीव सोडणें म्हणजे त्यास मृत्यूच्या दारीं नेऊन बसविणें होय. पाळावयाचे ते मासे नव्हेत, पाळावयाचें तें पाणी. हें ह्या विद्येचें बीजसूत्र येथें हातीं लागलें. पुढें नेपल्स येथें १८७४ सालीं, मद्रास येथें १९०९ सालीं आणि मुंबईस तारापोरवाला मत्स्यालयाच्या रूपानें १९५१ सालीं जीं सार्वजनिक मत्स्यालयें उघडलीं, त्यांनीं लाखों लोकांना समुद्राचें दर्शन घडविलें.

तथापि उष्ण कटिबंधांतील खरें प्रवाळ अद्याप हातीं येत नव्हतें. त्याच्या रक्तामांसांत सूक्ष्म शेवाळ राहतें, आणि हें शेवाळ सूर्यप्रकाशावर तयार केलेल्या अन्नाचा वांटा आपल्या यजमानास देतें. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळरांगेवर १९२८-२९ सालीं गेलेल्या यंग यांच्या मोहिमेलाही ह्या देण्याघेण्याचें खरें स्वरूप पटलें नव्हतें. १९५८ सालीं मस्काटिन व हँड यांनीं किरणोत्सर्गी कर्ब वापरून समुद्रफुलांत तें सिद्ध केलें. म्हणजे प्रवाळ हा प्राणी असून त्याला झाडासारखें ऊन लागतें, आणि शिवाय हाडें बांधण्यास अखंड चुना लागतो. मंद उजेडाच्या, नायट्रेट सांचलेल्या हौदांत तें कसें जगावें?

१९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं आपली पद्धति एका अमेरिकन मासिकांत प्रसिद्ध केली. त्यांच्या हौदांत ना गाळणी, ना यंत्र. समुद्रांतून आणलेले सजीव खडक, समुद्राचें पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढेंच. सजीव खडक म्हणजे मृत प्रवाळाचा सच्छिद्र दगड. त्याच्या अंगावर प्राणवायूंत राहणारे जंतु अमोनिया खातात, आणि आंतल्या गाभ्यांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें, दुसऱ्या जातीचे जंतु नायट्रेटचा नत्रवायु करून सोडून देतात. समुद्राशेजारीं राहणाऱ्या ली यांना हें सहज साधलें. युरोप-अमेरिकेंतील अनेकांस साधलें नाहीं. मग जर्मन भाषेंत लिहिणाऱ्या पीटर विल्केन्स प्रभृतींनीं त्याला तीन गोष्टींची जोड दिली. पहिली प्रखर दिव्यांची. दुसरी फेंस काढणाऱ्या नळीची: पावसाळ्यांत लाटांवर जो मळकट फेंस येतो तोच नळींत मुद्दाम उठवून त्याबरोबर पाण्यांतील मळी बाहेर काढावयाची. आणि तिसरी, वाचकांस हंसूं येईल, चुन्याच्या निवळीची! आमच्या घरोघरच्या आजीबाई लेंकरांच्या हाडांसाठीं जी निवळी थेंबथेंब देत आल्या, तीच निवळी युरोपांतील हौशी लोक प्रवाळाच्या हाडांसाठीं रात्रीं थेंबथेंब पाण्यांत सोडूं लागले. गॉस यांच्या चार क्षारांत नसलेला चुना असा सव्वाशें वर्षांनीं हौदांत आला.

बर्लिनमधील हौशी मंडळींत ही रीति पक्की झाली, म्हणून तिला बर्लिन पद्धति म्हणतात. तेथील डिट्रिश श्टूबर यांच्या हौदांत शिंगाळ जातीचें एक प्रवाळ इतकें वाढलें कीं त्याचे तुकडे तोडून ते इतरांना देऊं लागले. त्या तुकड्यांचीं पुनः झाडें झालीं, आणि त्यांचे तुकडे आणखी दूर गेले. शेजारणीनें मोगऱ्याची फांदी मागावी आणि आळींत प्रत्येक अंगणांत मोगरा फुलावा, तसा हा वंश पसरला. खडक फोडणाऱ्या हातोडीपासून फांदी देणाऱ्या हातापर्यंत ही विद्या आली, तिला सव्वा शतक लागलें.

आजचा असा हौद पाहणाऱ्यास मासे प्रथम दिसतात. पाहणें सवयीचें झालें म्हणजे मासे मागें पडतात. शंखांत बिऱ्हाड केलेला खेकडा शेवाळ कुरतडीत फिरतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झिंगा खडकाच्या तोंडाशीं दुकान मांडून बसतो आणि मासे रांगेनें येऊन त्याच्याकडून अंग साफ करून घेतात. समुद्रफुलाच्या विषारी पाकळ्यांत विदूषकमासा निर्धास्त लोळतो. दिवे मालवले कीं खडकांच्या फटींतून इवले इवले किडे, तारामासे आणि कांटेरी अळ्या बाहेर पडतात, आणि दिवसा मिटलेलीं कित्येक प्रवाळें आपले हात पसरतात. मालकाचें काम मोलकरणीचें: आटलेल्या पाण्याइतकें गोडें पाणी रोज घालणें, खारटपणा मोजणें, कांच पुसणें, आणि बाकी सारा वेळ वाट पाहणें. घाई केली तर सहा महिन्यांचें काम एका रात्रींत नासतें.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें हा इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होईल. समुद्रांतील शोभिवंत मासे अजूनही बव्हंशीं समुद्रांतूनच पकडले जातात. १९६० नंतरच्या दशकांत फिलिपाइन्समध्यें प्रवाळांत दडलेल्या माशांवर सायनाइडचें पाणी फवारून त्यांना बेशुद्ध करण्याची घातकी चाल पडली. त्यानें मासा पुढें मरतो आणि प्रवाळ तेथेंच मरतें. सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोंवतीं राहणारा एक काळ्या पट्ट्यांचा रुपेरी मासा १९३३ सालीं शास्त्रास ठाऊक झाला व पुढें विस्मृतींत गेला. १९९० नंतर तो पुनः प्रकाशांत आला, तो लगेच बाजारांतही आला. लाखोंनीं पकडला गेल्यामुळें २००७ सालीं त्याची नोंद नष्ट होऊं पाहणाऱ्या जातींत करावी लागली. ह्या माशाचा नर पिलें तोंडांत वाढवितो आणि हौदांतही त्याची वीण सहज होते; तरी समुद्रांतून ओरबाडणें स्वस्त पडतें म्हणून तेंच चाललें. डेव्हनच्या डबक्यांची गोष्ट पुनः घडली. या खेपेस किनारा परक्याचा होता, म्हणून हळहळणारा पुत्रही लाभला नाहीं. आपल्या देशांत वन्यजीव कायद्यानें २००१ सालीं प्रवाळांस व समुद्रघोड्यांस पूर्ण संरक्षण दिलें आहे. मालवणच्या किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळाचा तुकडा शोभेसाठीं उचलणें हा आतां गुन्हा आहे, आणि तो असावा हेंच योग्य.

मग ह्या हौसेची निंदाच करावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. समुद्राचें पाणी तापूं लागल्यामुळें प्रवाळ आपलें शेवाळ टाकून पांढरें पडतें. १९९८ सालीं जगभर असें झालें, आणि २०२४ सालीं तर चौथें जागतिक विवर्णन शास्त्रज्ञांना जाहीर करावें लागलें. अशा वेळीं प्रवाळाला समुद्राबाहेर जिवंत ठेवण्याची विद्या कोणाजवळ होती? पीटर विल्केन्स आणि श्टूबर यांच्यासारख्या हौशी लोकांजवळ! लंडनच्या हॉर्निमन वस्तुसंग्रहालयांत २०१३ सालीं ऋतुमान, चंद्रकला आणि सूर्यास्त यांची हुबेहुब नक्कल करून हौदांतील प्रवाळांकडून ठरल्या वेळीं बीजोत्सर्ग करविण्यांत आला. फ्लोरिडांत २०१९ सालीं त्याच मार्गानें स्तंभप्रवाळाची वीण झाली. आणि २०२३ च्या उन्हाळ्यांत तेथील समुद्र तापला तेव्हां समुद्रांतल्या रोपवाटिकांतील प्रवाळें उचलून जमिनीवरच्या हौदांत आश्रयास आणलीं गेलीं. ज्या पेटीनें एकदां किनारे ओस पाडले, तीच पेटी संकटकाळीं धर्मशाळा झाली.

मात्र धर्मशाळा म्हणजे घर नव्हे. कांचेंतल्या समुद्रानें मनुष्यास जें शिकविलें त्याचें सार इतकेंच कीं, चार घनफूट पाणी जिवंत ठेवण्यास शेंकडों न दिसणाऱ्या जीवांची चाकरी लागते आणि माणसाला अहोरात्र पहारा करावा लागतो; आणि हीच चाकरी बाहेरचा समुद्र आजवर आपणांस फुकट देत आला आहे. हें ज्यास उमजलें त्याच्या दिवाणखान्यांत हौद असो वा नसो, तो किनाऱ्यावर जाईल तेव्हां हातोडी घरीं ठेवून जाईल.